आधी दोन्ही बाजू ऐक

रामबाग, इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्री रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो पाठवलास आणि खाली चार प्रश्न: हा हँक मोब्ली कोण, ‘सोल स्टेशन’ भारी आहे का, ठेवू की विकू, किती येतील? ‘ऐकली, काका’ एवढं मात्र कुठेच नव्हतं. आधी ऐक. दोन्ही बाजू.

नेटवर शोधलंस की ‘मिडलवेट चॅम्पियन’ समोर येईलच. जॅझ समीक्षक लेनर्ड फेदरने या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याला दिलेलं बिरुद. तो बोलत होता सॅक्सोफोनच्या आवाजाच्या वजनाबद्दल. लोकांनी अर्थ काढला, दुय्यम. मीही काढला. विशीत हीच रेकॉर्ड माझ्या हातात आली होती. ज्यांना मानायचो ते म्हणाले, ‘दुसऱ्या फळीतला आहे.’ पिनही न टेकवता परत केली. पैसे नव्हते, असं पुढे सगळ्यांना सांगत आलो. नव्हतेच! पण ऐकायला कुठे पैसे पडत होते?

शेवटी ऐकली ती वीस वर्षांनी, सीडीवर. ७ फेब्रुवारी १९६० चं रेकॉर्डिंग, मोब्ली तेव्हा २९ वर्षांचा. ड्रमवर आर्ट ब्लेकी, पियानोवर विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स. सुरुवातीला अर्विंग बर्लिनचं गाणं, ‘रिमेंबर’. मोब्ली चाल मांडतो आणि तिच्याच आवर्तनांवर सावकाश बढत करत जातो. तू अमीर खाँसाहेबांच्या झुमरा तालावर वाढलेला, तुला सांगायला नको. पण रागदारीशी जुळवत बसू नकोस. बासला धरून ऐक, तोच ठेका समज. (बघ, मीच जुळवायला लागलो.)

आजोबांच्या प्लेअरचं हेड ‘एलपी’कडे वळवलंय ना, ते पाहा. जुन्या ७८ च्या रेकॉर्डची पिन एलपीची खाच कुरतडते. वेग ३३ वर. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

किमतीचं नंतर. लेबलभोवती कोरलेली अक्षरं भिंगाने तपासणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्याकडे ऐकल्यावर जा. नावडली तर खुशाल विक, मी अडवणार नाही. न ऐकता विकलीस तर मात्र माझ्याकडे येऊ नकोस. येशीलच म्हणा, पोहे असतातच.

दुसरी बाजू संपली की फोन कर. दहाच्या आत. नंतर मी कानातलं मशीन काढून ठेवतो.

तुझा,
काका