नियोजित उपनगरात घर घेताना ‘तीस टक्के हिरवळ’ या दाव्यावर कितपत भिस्त ठेवावी?

तुम्ही नियोजित उपनगरात घर बघताय आणि माहितीपत्रकात तीस टक्के जागा हिरवी असल्याचं म्हटलंय. माझं सांगणं असं, की टक्केवारी तूर्त बाजूला ठेवा. त्या आकड्यात रस्त्याचे दुभाजक, चौकातली बेटं, कुंपणाकडेची उताराची पट्टी असं काहीही धरलेलं असू शकतं. नकाशावर सगळं एकाच रंगात दिसतं, पण दुभाजकावर मूल खेळत नाही.

आधी अंतर बघा. घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टरची हिरवी जागा असावी, असा ढोबळ निकष जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने २०१६ मध्ये दिला आहे. म्हणजे साधारण पाच मिनिटांची चाल. मात्र हे अंतर स्वतः चालून बघा, दारापासून बागेच्या फाटकापर्यंत. बाग खिडकीतून समोर दिसते, पण फाटक पलीकडच्या अंगाला आणि मध्ये वाहता रस्ता, असं असेल तर आजीआजोबा तिकडे फिरकणारही नाहीत. अमेरिकेतल्या रॅडबर्न या वसाहतीत १९२९ साली क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या नगररचनाकारांनी घरांची तोंडंच बागेकडे केली, गाड्या मागच्या गल्लीत नेल्या आणि पायवाट रस्त्याखालून काढली. इतकी सरळ गोष्ट नव्या वसाहतींत का होत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

जागा बघायला भर दुपारी जा. बाकांवर सावली आहे का? झाडांच्या बुंध्यांशी मोकळी माती आहे, की फरशी थेट खोडाला भिडवली आहे? फरशी भिडलेली असेल तर मुळांना पाणी मिळत नाही आणि ते झाड कधी डेरेदार होत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे: बिल्डर गेल्यावर बागा सांभाळणार कोण आणि कशाच्या जोरावर? इथे मला इंग्लंडमधलं मिल्टन कीन्स फार मोलाचं वाटतं. १९६७ साली हे शहर वसवायचं ठरलं. नद्यांच्या पूरक्षेत्रात घरं न बांधता तिथे लांबच लांब उद्यानं ठेवली. विलनसारखे तलाव पावसाचं जादा पाणी साठवतात आणि एरवी लोक त्यांच्या काठाने फिरतात. १९९२ मध्ये ही उद्यानं एका स्वतंत्र न्यासाकडे ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली, आणि सोबत उत्पन्न देणाऱ्या व्यावसायिक मिळकतीही दिल्या. त्या उत्पन्नातून देखभाल चालते. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली, म्हणून गवत कापणं थांबत नाही.

तुमच्या विक्रेत्याला हेच विचारा: मोकळ्या जागा कोणाच्या नावावर होणार, कधी होणार, आणि देखभालीचा निधी कुठे ठेवलाय? उत्तर तोंडी घेऊ नका, करारात मागा. मंजूर आराखड्याची प्रतही घ्या आणि आज बाग म्हणून दाखवलेला तुकडा त्यात ‘भावी विकासासाठी राखीव’ तर नाही ना, ते तपासा.