बुर्ज खलिफाएवढा टॉवर रत्नागिरीच्या सड्यावर (कातळी पठारावर), जांभ्यावर (तिथल्या तांबड्या दगडावर) उभा राहील का?

राहील, पण जांभ्यावर नव्हे, जांभा भेदून. पाइलिंगच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल काँक्रीटचे खांब (पाइल) घालण्याच्या, कामात असल्यामुळे सांगतो: जांभा चिऱ्यांना उत्तम, दुमजली घरालाही पुरे; पण वरचं टणक कवच संपलं की खाली मऊ चिकणमाती लागते, मधे पोकळ्याही असतात. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा. काळा कातळ त्याच्याही खाली. ८२८ मीटर उंच बुर्जखाली तर दगडही दुबळाच आहे. तिथे दीड मीटर व्यासाचे १९२ पाइल सुमारे ५० मीटर खोल नेले, त्यांवर ३.७ मीटर जाडीचा राफ्ट (काँक्रीटचा सलग थर) ओतला. भार मुख्यतः पाइलच्या अंगाला होणाऱ्या घर्षणावर पेलला आहे. आपल्याकडे पाइल थेट काळ्या कातळात रुतवता येतील, म्हणजे पाया उलट सोपाच.

खरी डोकेदुखी वाऱ्याची. बुर्जचा आराखडा तीन पाकळ्यांचा आहे आणि आकार वर जाताना टप्प्याटप्प्याने बदलतो, तो वाऱ्याचे भोवरे एका तालात येऊ नयेत म्हणून. २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-श्रीवर्धनकडे काय केलं ते आपण पाहिलंय. मात्र कातळ नेमका किती खोल, हे जागेवर बोअर घेतल्याशिवाय ठोकून सांगता येत नाही. एकाच सड्यावरही ती खोली बदलते.