अहवालावरची तारीख आधी बघा

बाळकुमच्या एका ताईंचं पत्र आहे. परसातल्या जुन्या विहिरीच्या पाण्याला दीड वर्षापासून घाण वास येतो. कुंपणापलीकडच्या संकुलाची मैलापाण्याची टाकी पाझरते असा त्यांना संशय आहे. खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात ई. कोलाय हे मैल्यातले जंतू सापडले आणि नायट्रेटही लिटरला 45 मिलिग्रॅम या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या वर निघालं. सेक्रेटरी नुसतं "बघतो" म्हणतात, तेव्हा ठाणे कोर्टात मनाईहुकुमाचा दावा लावावा का, असं त्या विचारतात. घोडबंदर पट्ट्यातून अशी पत्रं पावसाळा सरला की येतातच.

ताई, दुसऱ्याची विहीर नासवणं बेकायदा आहे हे सांगण्यात शब्द घालवत नाही. तुमचं घोडं अडलंय ते त्या अहवालाच्या तारखेवर. असे पर्यावरणाचे तंटे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे जातात, आणि त्याच्या 2010 च्या कायद्याच्या कलम 14 खाली अर्जाची मुदत सहा महिने आहे. सबळ कारण दाखवलंत तर वर फार तर 60 दिवस मिळतात. ही मुदत वादाचं कारण 'प्रथम' घडल्यापासून मोजतात. अहवाल हातात येऊन तुम्हाला चौदा महिने झाले! रोज पाझर म्हणजे रोज नवं कारण, असा युक्तिवाद करता येतो, पण त्या एकट्याच्या भरवशावर मी तुम्हाला उभं करणार नाही. सेक्रेटरींच्या तोंडी आश्वासनाने मुदत थांबत नसते.

तरी सगळं हातचं गेलेलं नाही. कलम 15 खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करून देण्याची मागणी पाच वर्षांपर्यंत करता येते. पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठापुढे अर्ज याच कलमाखाली करा. ठाणे कोर्टातल्या दिवाणी दाव्यात कलम 29 आडवं येण्याचा धोका मोठा, कारण न्यायाधिकरणाकडचे विषय दिवाणी कोर्टाने ऐकायला ते मनाई करतं, आणि नुसत्या अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तारखांवर तारखा पडत वर्षं जातात. त्या काळात विहीर तशीच नासत राहते, याची मला खरोखर चीड आहे.

आता दुसरी गोष्ट. दर आठवड्याला विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकता, असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्याने जंतू मरतात, म्हणजे तुमचा पुरावाही मरतो. विहिरीचा वापर बंद करा आणि पावडरही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. विहिरीचा आणि संकुलाच्या सांडपाण्याचा नमुना 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे घ्यावा, असं त्यात स्पष्ट लिहा. म्हणजे संकुलाला नोटीस, त्यांच्यासमोर नमुन्याचे दोन भाग, दोन्ही सीलबंद. पाझर त्यांच्याच टाकीचा आहे हे कितपत सिद्ध होईल, ते नमुने आल्याशिवाय सांगणं कठीण. तुमचा स्वतःचा शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे तेही मोजून ठेवा. समोरचा वकील पहिलं तेच विचारेल. शेजारच्या विहिरींनाही वास येत असेल तर त्या घरांना अर्जात सोबत घ्या, बाजू भक्कम होईल.

पाणी उकळून वापरतो, असंही लिहिलंत. उकळल्याने जंतू जातात, नायट्रेट जात नाही; पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. घरात सहा महिन्यांचं नातवंड आहे. त्याचं पावडरचं दूध आजपासून महापालिकेच्या नळाच्या पाण्यातच करा.