रिटायर झालात, पहिल्या वर्षी एवढंच सांभाळा

दादा, अभिनंदन! ३१ मेला रिटायर होणारे आपल्याकडे ढिगाने, शाळेत मास्तरांनी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जूनच लावलेली ना, त्यामुळे सोबत भरपूर मिळेल बघा. सुरुवातीला एवढंच:

- पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर पहाटे फिरायचा हट्ट नको, घरातच चाला.
- हयातीचा दाखला नोव्हेंबरात. आता मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतो, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, नवीन माणसं हमखास इथेच चुकतात आणि मग पेन्शन अडकते.
- एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट, ७५ नंतर फुकट, तोवर तब्येत जपा.

कट्ट्यावर निवडणुकीचा विषय निघाला की बिनधास्त बोला, फक्त अबोला धरू नका. टॅक्स, गुंतवणूक वगैरे दिवाळीनंतर बघू, घाई नाही.