धनेशाची मादी : कोंडली जाते की कोंडून घेते?

धनेश पक्ष्याच्या विणीविषयी मराठीत लिहिताना 'नर मादीला ढोलीत कोंडतो', 'मादी ढोलीत कोंडली जाते' आणि 'मादी स्वतःला ढोलीत कोंडून घेते' अशी तीन प्रकारची वाक्ये आढळतात. त्यांतील योग्य कोणते, आणि ढोलीचे तोंड 'चिणले', 'बुजवले' की 'लिंपले' म्हणावे, असा प्रश्न विचारला गेला आहे. व्याकरणदृष्ट्या तिन्ही वाक्ये निर्दोष आहेत. म्हणून निवाडा पक्ष्याच्या वर्तनावरूनच करावा लागतो, आणि तो निःसंशय तिसऱ्या वाक्याच्या बाजूने लागतो.

पश्चिम घाटातील सदाहरित अरण्यांपासून सुमात्रापर्यंत आढळणाऱ्या महाधनेशाचे उदाहरण घेऊ. सुमारे एक मीटर लांबीचा आणि २ ते ४ किलो वजनाचा हा पक्षी अवाढव्य चोच असूनही झाडाचे लाकूड कोरू शकत नाही. फांदी मोडून, खोड कुजून तयार झालेली उंच झाडावरची पोकळी त्याला शोधावी लागते. त्यामुळे त्याच्याविषयी 'घरटे बांधतो' असे लिहिणे मला पटत नाही. मराठीत 'ढोली' हा नेमका शब्द असताना ती 'निवडतो' किंवा 'तिच्यात वीण करतो' असे म्हणावे. मादी ढोलीत शिरते आणि आतून, स्वतःच्या चोचीच्या कडेने थापून, मुख्यतः स्वतःची विष्ठा आणि खाल्लेल्या फळांचा चोथा वापरून तोंड बंद करत आणते. शेवटी चोचीचे टोक बाहेर येईल एवढी उभी फट तेवढी उरते. लिंपणारी चोच आतल्या बाजूला आहे, ही गोष्ट 'नर मादीला कोंडतो' या वाक्यात पार हरवते.

नराचा वाटा मात्र नाकारता येणार नाही. राखी धनेशाचा नर मादीला मातीचे गोळे आणून देतो. पूर्व आफ्रिकेतील रुपेरी गालांच्या धनेशाचा नर तर माती गिळतो, तिचे लाळेने मळलेले गोळे करून ओकतो आणि मादीच्या स्वाधीन करतो. येथे मराठीतील सहायक क्रियापदे फार उपयोगी पडतात : नर माती 'आणून देतो' आणि मादी स्वतःला 'कोंडून घेते', असे लिहिले की कोणाचे काम कोणते हे वेगळे सांगावे लागत नाही. 'लिंपून घेते' या रूपाबाबत मात्र थोडी सावधगिरी हवी, कारण 'घर सारवून घेतले' याचा अर्थ दुसऱ्याकडून करवून घेतले असाही होतो. म्हणून 'मादी तोंड आतून लिंपते' हे साधे रूप अधिक चांगले.

'चिणणे' मी पूर्णपणे टाळीन. त्या शब्दाला भिंतीत चिणून मारण्याच्या शिक्षेचा वास आहे आणि चिणणारा नेहमी बाहेर उभा असतो. 'बुजवणे' म्हणजे पोकळी भरून टाकणे. येथे पोकळी तर राहायलाच हवी असते. ओला थर हाताने किंवा चोचीने पसरून तो वाळू देणे, ही क्रिया 'लिंपणे' याच शब्दात नेमकी येते.

'कोंडली जाते' हा कर्मणी प्रयोग आणि त्याच्यासोबत येणारे 'कैद', 'तुरुंग', 'बंदिवास' हे शब्द यांमागे एक जुनी समजूत आहे. नर मादीला बंदिस्त करतो, असे पूर्वीच्या निसर्गवर्णनांत लिहिलेले असे. प्रत्यक्षात तो लेप मादी आपल्या चोचीने फोडू शकते. महाधनेशाची मादी पिल्लू उडण्याजोगे होण्याआधीच तो फोडून बाहेर येते आणि आत राहिलेले पिल्लू ते तोंड पुन्हा स्वतः लिंपते. ज्याला पंखही पुरते फुटलेले नाहीत असे पिल्लू हे काम करते, हे मला या साऱ्या वर्तनातील सर्वांत विलक्षण वाटते. मात्र ढोलीत असताना मादी उड्डाणाची पिसे टाकून नवी उगवू देते, आणि त्या काळात ती नराने फटीतून भरवलेल्या उंबरवर्गीय व इतर फळांवर सर्वस्वी अवलंबून असते. अशा वेळी नराची शिकार झाली, तर ढोलीतील सगळेच जीव संकटात सापडतात. हे परावलंबन लेखनात अवश्य यावे. त्यासाठी 'बंदिवास' न म्हणता 'ढोलीतील वास्तव्य' म्हटले तरी पुरते, आणि महाधनेशाच्या बाबतीत ते तीन ते चार महिन्यांचे असते.

एक मर्यादा सांगायला हवी. 'सर्व धनेश ढोलीचे तोंड लिंपतात' असे सरसकट विधान करू नये. आफ्रिकेत जमिनीवर चालत भक्ष्य शोधणाऱ्या भूधनेशांच्या दोन जाती आहेत. त्या तोंड लिंपतच नाहीत आणि अंडी उबवणारी मादी अधूनमधून बाहेरही येते. तिच्यासाठी 'कोंडून घेते' हे क्रियापद चुकीचे ठरेल; तेथे 'मादी ढोलीत अंड्यांवर बसते' एवढेच लिहावे.