फ्लाइट सिमचं (विमान उडवण्याच्या सिम्युलेटर गेमचं) इंजिन, म्हणजे गेम चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, बनवायचंय, पण आज शिकलेलं जुनं झालं तर?

तुझं पत्र वाचलं. मानेवाड्याचा, बारावी सायन्स, डीसीएस आणि आयएल-टू या लढाऊ विमानांच्या सिम गेम्सवर जीव, आणि भीती ही की इंजिनं एवढी बदलून राहिली तर आज शिकलेलं डिग्री होईपर्यंत कामाचं राहील का. बाबांचाही तोच प्रश्न. रास्त आहे.

पण बघ, अशी इंजिनं पार मोडून नव्याने क्वचितच बनतात. डीसीएसचं मूळ 1995 च्या सू-27 फ्लँकर या गेमपर्यंत जातं, मग 2003 ला लॉक ऑन, 2008 ला ब्लॅक शार्क, 2015 ला 1.5 व्हर्जनसोबत नवं ग्राफिक्स इंजिन, आणि मल्टीथ्रेडिंग (काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटणं) तर थेट 2023 मध्ये आलं! तोवर जवळजवळ सगळा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, कारण विमान, मिसाइल, रडार, एआय सगळे एकमेकांचा डेटा वाचतात, ते वेगळे करायचे तर कोण कधी काय वाचतंय हे जुन्या कोडमध्ये शिरून शोधावं लागतं. मला विचारशील तर खरं इंजिनिअरिंग इथेच आहे. फाल्कन 4.0 हा दुसरा सिम गेम तर 1998 चा, 2000 मध्ये त्याचा सोर्स कोड लीक झाला (ते काही बरोबर नव्हतं), पण त्याच पायावर बेंचमार्क सिम्सची टीम अजून काम करते, व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट लावून खेळणं) सुद्धा आणलं त्यांनी.

म्हणजे ग्राफिक्सचं ज्ञान लवकर जुनं होतं, ते दर वेळी नव्याने शिकायचंच. लिफ्ट (विमान उचलणारं बल), ड्रॅग (हवेचा विरोध), स्टॉल (पंखाची लिफ्ट अचानक कमी होणं), व्हेक्टर, मॅट्रिक्स, इंटिग्रेशन हे मात्र फ्लँकरलाही लागलं आणि उद्याच्या इंजिनालाही लागेल, आणि यातलं बरंचसं तुझ्या बारावीच्या पुस्तकात आहे.

जेईईतून व्हीएनआयटी मिळालं तर छानच, नाहीतर सीईटीतून नागपुरातलंच चांगलं कॉलेज बघ, कॉम्प्युटर किंवा मेकॅनिकल दोन्ही चालेल. महागडा गेमिंग डिप्लोमा घेण्याआधी सी प्लस प्लस आणि मॅथ्स किती शिकवतात ते नक्की विचार, नुसतं मॉडेलिंग-अ‍ॅनिमेशन असेल तर तुझ्या कामाचं नाही. बाबांना सांग, हेच स्किल पायलट ट्रेनिंगच्या सिम्युलेटरला आणि ड्रोनच्या कामातही लागतं.

आणि सीईटी झाली की, आधी नाही हं, जेएसबीसिम डाउनलोड कर, विमान कसं उडेल याचं गणित करणारं सॉफ्टवेअर आहे ते. फुकट आहे, कोड सगळा उघडा, विमानाची माहिती साध्या एक्सएमएल फाइलमध्ये असते, त्यात पंखाचं क्षेत्रफळ बदलून बघ विमान कसं उडतं, आणि तसंच का उडालं ते वहीत गणित मांडून मला पाठव.