“मी मीठ बदललं, आता बाळाच्या बुद्धीचं काय?”

गरोदरपणाचा चौथा महिना संपत आलेली एक तरुणी माझ्याकडे आली ती झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता खरं कारण निघालं. ‘नैसर्गिक’ म्हणून तिने बऱ्याच आधीपासून आयोडीनयुक्त मीठ बंद करून सैंधव सुरू केलं होतं. मग एका रात्री मोबाइलवर वाचलं, की आईला आयोडीन कमी पडलं तर मूल मतिमंद किंवा मुकं-बहिरं जन्मतं. “मॅडम, महत्त्वाचे महिने गेले ना? आता काही करून उपयोग नाही. आणि हे मीच केलंय.”

नवरा म्हणायचा, “काही होत नाही गं.” त्याचा हेतू चांगलाच होता. पण घाबरलेल्या माणसाला हे वाक्य ‘तुझं ऐकून घ्यायचं नाही’ असंच ऐकू येतं.

तिने बाही वर सारून मनगट पुढे केलं. आतल्या बाजूला तपकिरी-पिवळा डाग होता, कडांनी फिका पडत चाललेला. जखमेवर लावायचं आयोडीन त्वचेवर लावायचं. ते जितक्या लवकर उडेल तितकी शरीरात कमतरता जास्त, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सकाळी लावलेला डाग दुपारी फिका दिसला की रडू यायचं. मग दुसऱ्या मनगटावर पुन्हा. पर्समध्ये समुद्री शेवाळाच्या गोळ्यांची बाटलीही होती, त्याच कुणीतरी सुचवलेली.

सहसा मी आधी भावना ऐकते, माहिती नंतर देते. इथे क्रम उलटा केला, कारण तिच्या उपायातूनच अपाय व्हायचा होता. डागाची ती चाचणी म्हणजे चाचणीच नव्हे. आयोडीन थोडं हवेत उडतं, थोडं त्वचेत मुरतं. शरीरात ते किती आहे याचा डाग टिकण्याशी संबंध नाही. गरोदरपणात ते पुन्हा पुन्हा लावणं उलट टाळायचं असतं. थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी आयोडीनपासूनच आपलं हार्मोन बनवते, पण त्वचेतून शिरलेलं जादा आयोडीन बाळाच्या थायरॉइडचं काम मंदावू शकतं. शेवाळाच्या गोळ्यांचंही तेच. एका गोळीत किती आयोडीन असेल याचा नेम नसतो, आणि ते गरजेच्या कितीतरी पट असू शकतं. बाटली डॉक्टरांना दाखवेपर्यंत बंद ठेवायची, एवढं आधी ठरलं.

मग विचारलं, “तुम्ही वाचलंत ते नेमकं कुणाबद्दल होतं?” ते तिने पाहिलंच नव्हतं. जन्मतः गंभीर बौद्धिक अपंगत्व, मूकबधिरपणा, खुरटलेली वाढ, हे सगळं खरं आहे; पण ते तीव्र कमतरतेचं चित्र आहे. पाऊस, पूर आणि हिमनद्यांनी जमिनीतलं आयोडीन धुऊन नेलं, तिथे पिकणाऱ्या अन्नातही ते उरलं नाही, आणि माणसं वर्षानुवर्षं त्याच अन्नावर जगली. आल्प्सच्या दऱ्यांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी अशा ठिकाणी घराघरात गलगंड दिसायचा. स्वित्झर्लंडने 1922 मध्ये आयोडीनयुक्त मीठ आणलं ते यामुळेच. आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून पाहिलं, तेव्हा तिथला गलगंड उतरला. ही तरुणी मात्र रोज दूध पीत होती, अंडी खात होती. दोन्हींतून आयोडीन मिळतं. म्हणजे मीठ बदललं तरी बाकीचे रस्ते बंद झाले नव्हते.

“म्हणजे काहीच धोका नाही?” तिने विचारलं. असंही मला म्हणता येत नव्हतं. पहिल्या महिन्यांत बाळाची थायरॉइड ग्रंथी तयार होत असते आणि मेंदूच्या वाढीला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. बाळाची ग्रंथी स्वतःच्या बळावर नीट काम करू लागते ती साधारण गरोदरपणाच्या मध्यावर, आणि तेव्हाही लागणारं आयोडीन आईकडूनच येतं. म्हणून प्रौढ व्यक्तीला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरत असलं, तरी गरोदर आणि स्तनदा आईसाठी जागतिक आरोग्य संघटना 250 सांगते. सौम्य कमतरतेचा मुलांच्या वाचनावर आणि बुद्ध्यंकावर थोडा परिणाम काही अभ्यासांत दिसला आहे. हे मी तिच्यापासून लपवलं नाही. खोटा दिलासा दिला, तर पुढच्या रात्री पुन्हा मोबाइल, आणि मग माझ्याही शब्दावर विश्वास राहणार नाही. पण मेंदूची वाढ तिसऱ्या महिन्यात थांबत नाही. ती जन्मानंतरही चालूच असते.

लघवीतलं आयोडीन तपासायचा तिचा हट्ट होता. ती तपासणी लोकसमूहासाठी उपयोगी आहे. एका माणसाचा आकडा कालच्या जेवणावर आज वेगळा येतो. त्याऐवजी थायरॉइडचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या टीएसएच आणि फ्री टी-4 या रक्ताच्या तपासण्या करायला मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. नवऱ्यालाही सोबत जायला सांगितलं, मात्र समजूत घालायला नाही, ऐकायला. रिपोर्ट गरोदरपणाच्या मापाने ठीक आले. डॉक्टरांनी शेवाळाच्या गोळ्या बंद केल्या आणि 150 मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली रोजची एक गोळी दिली. तिची मोठी बहीण हायपोथायरॉइडची औषधं घेते, म्हणून ‘आमच्या घरातच आयोडीन कमी’ असंही तिने धरून ठेवलं होतं. ते चुकीचं होतं. आयोडीन पुरेसं मिळतं तिथे थायरॉइड मंदावण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. त्यावर आयोडीनचा मारा केला तर कधी कधी बिघडतंच.

अपराधीपणाचं काम याहून हळू चाललं. “मीच केलंय” या वाक्यावर आम्ही परत परत आलो. तिने मीठ बदललं ते घरच्यांचं भलं व्हावं म्हणून, तेव्हा जे माहीत होतं त्यावर. हे मान्य करायला तिला माझ्या आकडेवारीपेक्षा नवऱ्याचं एक वाक्य जास्त उपयोगी पडलं: “ते मीठ आपण दोघांनी मिळून आणलं होतं.”

बाळंतपणानंतर तिचा फोन आला. बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन केलेली थायरॉइडची तपासणी नॉर्मल होती. पण प्रश्न तयार होताच: “आता अंगावर पाजतेय, तर मीठ थोडं वाढवू का?” मी सांगितलं, मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आतच, पण आयोडीनयुक्त, बंद डब्यात, शेगडीपासून लांब. गोळी पुढे चालू ठेवायची का, ते मात्र डॉक्टरांना विचारा.